आतडे कापायला पैसा आहे, वाचवायला का नाही?



आपल्या चळवळीत आरक्षणावर लिहिले जाते, शिष्यवृत्तीवर लिहिले जाते, अत्याचारावर लिहिले जाते. लिहिलेच पाहिजे. पण आपल्या वस्तीतला माणूस आजारी पडला, आणि तोही दोन-चार दिवसांच्या तापाने नव्हे तर जन्मभर सोबत राहणाऱ्या आजाराने, तर त्याचा खर्च कुणी करायचा, या प्रश्नावर आपल्याकडे फार थोडे लिहिले गेले आहे. आजारपण हे घरचे दुःख आहे, आंदोलनाचा विषय नाही, असे आपण गृहीत धरून बसलो आहोत. हा समज चुकीचा आहे. बाबासाहेबांचा तर तो मुळीच नव्हता, हे या लेखात मांडायचे आहे.

सुरुवात एका घरापासून करते. उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत माझ्या कामाच्या निमित्ताने एका कुटुंबाची ओळख झाली. घरचा कर्ता पुरुष ऑटो चालवतो, वय पस्तिशीच्या आत. त्याला शौचावाटे रक्त जाऊ लागले. कुणी मूळव्याध म्हटले, कुणी रक्ती आव म्हटले. औषधे झाली, काढे झाले, देवऋषीही झाला. दोन वर्षांनी दुर्बिणीने तपासणी झाली आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस असे नाव समजले. मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा होतात. हा आजार औषधाने शांत राहतो, पण बहुधा मुळापासून जात नाही. शांत ठेवायचा तर गोळ्या रोज घ्याव्या लागतात, बरे वाटत असले तरीही.

इथेच गाडी अडली. बरे वाटत असताना रोजच्या कमाईतून गोळ्यांचे पैसे काढणे त्याला जमेना. गोळ्या सुटल्या. सहा महिन्यांनी आजार उसळला. पुन्हा औषध, पुन्हा उधारी, पुन्हा औषध बंद. असे तीनदा झाले. शेवटी आतडे इतके बिघडले की ते काढून टाकावे लागले, आणि पोटावर पिशवी आली. त्या ऑपरेशनला सरकारी योजनेचे कार्ड चालले. डॉक्टरांनी त्याचा जीव वाचवला, हे मान्यच केले पाहिजे. पण त्याच्या बायकोने मला एक साधा प्रश्न विचारला: "ताई, एवढे मोठे ऑपरेशन सरकारने फुकट केले, मग त्या गोळ्या फुकट का नाही दिल्या?"

या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. ते शोधताना जो इतिहास हाती लागला, तो तुमच्यासमोर ठेवते.

कुक्षीविकार झालेला भिक्खू

आपल्या परंपरेत पोटाच्या रुग्णाची एक फार जुनी नोंद आहे. विनयपिटकातल्या महावग्गात, चीवरांविषयीच्या प्रकरणात ती येते. एका भिक्खूला कुच्छिविकार, म्हणजे पोटाचा विकार झाला होता. तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तथागत आनंदासह विहारात फिरत असताना तिथे पोचले. तुझी शुश्रूषा करणारा कुणी आहे का, असे त्यांनी विचारले. कुणी नाही, असे उत्तर आले. का नाही, असे विचारल्यावर तो भिक्खू म्हणाला की आपण इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते आपली काळजी घेत नाहीत.

या उत्तरावर थांबा. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ज्याला उत्पादकता म्हणतात, तीच इथे आहे. जो उपयोगाचा नाही त्याच्यावर खर्च कशाला, हा आजच्या बाजाराचा युक्तिवाद अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या रुग्णाने स्वतःच्याच बाबतीत मान्य करून टाकला होता.

तथागतांनी तो मान्य केला नाही. आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. एकाने डोक्याकडून, एकाने पायाकडून धरून त्याला मंचावर निजवले. ही गोष्ट आपल्याकडे करुणेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते आणि तिथेच संपवली जाते. पण विनयात ती तिथे संपत नाही. तथागतांनी संघ बोलावला आणि नियम घालून दिले. आजारी भिक्खूची जबाबदारी उपाध्यायाची. तो नसेल तर आचार्याची. तो नसेल तर शिष्याची, सहकाऱ्याची. आणि यांपैकी कुणीच नसेल तर पूर्ण संघाची. शुश्रूषा न करणे हा दोष ठरवला. चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले: औषध तयार करता येणे, पथ्य-अपथ्य कळणे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्र व उलटी काढायला किळस न वाटणे आणि रुग्णाला धीर देता येणे.

आणि याच प्रकरणात पुढे आणखी एक नियम आहे, जो आपण सहसा सांगत नाही. भिक्खू मरण पावला तर त्याच्या वस्तूंवर संघाचा अधिकार असतो. पण त्याचे चीवर आणि पात्र त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावे. शुश्रूषा करणारा श्रामणेर असला तरी त्याला बरोबरीचा वाटा द्यावा.

म्हणजे बघा: जबाबदारी कुणाची हे ठरले, सेवेचा दर्जा कसा असावा हे ठरले आणि सेवा करणाऱ्याला मोबदला काय हेही ठरले. आज ज्याला आरोग्यसेवेचे अर्थकारण म्हणतात त्याचे हेच तीन प्रश्न आहेत. तथागतांनी करुणेला नियमाचा आणि वाट्याचा आधार दिला. नुसत्या दयेवर रुग्ण सोडला नाही.

बाबासाहेब आणि आजारपणाचा विमा

आता थेट विसाव्या शतकात येऊ. १८ ते २० जुलै १९४२ या दिवसांत नागपूरला मोहन पार्कात अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद झाली आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म झाला. हे आपल्याला पाठ आहे. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले, हेही माहीत आहे. पण मजूरमंत्री म्हणून आजारपणाच्या प्रश्नावर काय झाले, हे आपल्या भाषणांत क्वचित येते.

मार्च १९४३ मध्ये मजूर खात्याने प्रा. बी. पी. अदारकर यांना औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम दिले. १५ ऑगस्ट १९४४ रोजी त्यांचा अहवाल आला. योजनेचा गाभा सोपा होता. कामगार थोडे पैसे भरेल, मालक जास्त भरेल, शासनही हातभार लावेल. आणि कामगार आजारी पडला तर त्याला औषधोपचार मिळेल व बुडालेल्या मजुरीचा काही भागही मिळेल. पुढे हे विधेयक १९४६ च्या नोव्हेंबरमध्ये कायदेमंडळात आले तेव्हा मजूर खाते जगजीवनराम यांच्याकडे होते, आणि १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. श्रेय एकट्या कुणाचे नाही. पण योजना आखली गेली ती बाबासाहेबांच्या खात्यात, हा इतिहास आहे.

ही त्यांची अचानक आलेली कल्पना नव्हती. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या लाभाच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला होता. बाईच्या विश्रांतीचा खर्च हा समाजहिताचा खर्च आहे, त्यामुळे तो तिच्या एकटीच्या अंगावर टाकता येत नाही, ही त्यामागची भूमिका होती. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात ते आणखी पुढे गेले. विमा ही शासनाची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा घ्यायला लावावा, असे त्यांनी मांडले. कोलंबिया आणि लंडनला सार्वजनिक वित्त शिकलेला हा माणूस जाणून होता की धोका एकट्या माणसावर पडला तर तो मोडतो, आणि सगळ्यांमध्ये वाटला तर सोसता येतो.

शिवाय बाबासाहेब स्वतः दीर्घ आजाराचे रुग्ण होते. मधुमेह होता, नसांचे दुखणे होते, पायांच्या वेदनेने झोप नसे. संविधानाचे काम चालू असताना हे सगळे चालू होते. रोजचे इन्सुलिन, रोजचे पथ्य, रोजची निगा म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

त्याच काळात सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल आला, १९४६ साली. पैसे नाहीत म्हणून कुणीही उपचारापासून वंचित राहू नये, हे त्या समितीचे पहिले तत्त्व होते. देशातली बहुसंख्य जनता हप्ता भरू शकत नाही, म्हणून सेवा करांच्या पैशातून द्यावी, असा तिचा कल होता. म्हणजे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आपल्याकडे दोन रस्ते होते: कामगारांसाठी विमा आणि सगळ्यांसाठी करातून सेवा. दोन्ही रस्ते अर्धवट बांधून सोडले गेले.

एम्प्रेस मिलचा भोंगा

नागपूरचा इतिहास घेऊ. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. मग मॉडेल मिल आली. या गिरण्यांत आपल्या समाजाचे हजारो हात राबले. १९५४ मध्ये, नागपूर अजून जुन्या मध्य प्रदेशची राजधानी असताना, कामगार विमा योजना इथल्या कामगारांपर्यंत पोचली. आजही सोमवारी पेठेत कामगार विमा रुग्णालय उभे आहे.

या योजनेचे वैशिष्ट्य लक्षात घ्या. ती फक्त ऑपरेशनपुरती नाही. दवाखान्यात जाऊन औषध आणणे, आजारपणाची रजा, रजेत पगाराचा भाग, हे सगळे तिच्यात आहे. आज साध्या आजारात ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. ठरावीक ३४ दीर्घ आजारांसाठी ८० टक्क्यांपर्यंत आणि दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. म्हणजे आजार लांबतो, त्याला औषध रोज लागते आणि आजारी माणसालाही घर चालवायचे असते, या तिन्ही गोष्टी १९४० च्या दशकातल्या त्या विचाराला ठाऊक होत्या.

पण त्यात दोन भोके होती. पहिले भोक सुरुवातीचेच. कायदा बारमाही चालणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या, वीस किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यांपासून सुरू झाला. घरी बसून विडी वळणारी आपली आजी, हमाली करणारा काका, धुणी-भांडी करणारी मावशी, शेतमजूर हे सगळे बाहेर राहिले. दुसरे भोक नंतर पडले. गिरण्या आजारी पडल्या. एम्प्रेस मिल राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद झाली. गिरणी कामगाराचा मुलगा ऑटो चालवू लागला, चौकीदार झाला, कॅटरिंगच्या कामाला गेला. बापाजवळ विम्याचे कार्ड होते, मुलाजवळ नाही. भोंगा थांबला तेव्हा नोकरी गेली, हे सर्वांनी लिहिले. दवाखानाही गेला, हे फारसे कुणी लिहिले नाही.

मी ज्या घराबद्दल वर लिहिले, ते याच दुसऱ्या भोकातून पडलेले घर आहे.

विम्याचे पॅकेज झाले

मग सरकारने काहीच केले नाही का? केले. २ जुलै २०१२ ला महाराष्ट्रातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला दीड लाखापर्यंत संरक्षण, ९७१ उपचार आणि १२१ पाठपुरावा सेवा अशी तिची रचना होती. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली. आता दोन्ही जोडून मर्यादा पाच लाखांवर गेली आहे.

या योजनांनी लाखो गरिबांना हृदयाच्या, किडनीच्या, कॅन्सरच्या उपचारांसाठी मोठ्या दवाखान्याच्या दारापर्यंत नेले. ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण योजनेचा सांगाडा बघा. ती भरती होण्याभोवती बांधलेली आहे. ठरलेला उपचार, ठरलेला दर, ठरलेले दिवस: यालाच पॅकेज म्हणतात. काही ऑपरेशनांनंतर ठरावीक पाठपुरावा आहे. पण कोलायटिसच्या रुग्णाने भरती न होता घरी बसून रोज घ्यायच्या गोळ्या या रचनेत बसत नाहीत. तुमचे आतडे बिघडून ऑपरेशन टेबलावर येईपर्यंत योजना तुम्हाला ओळखत नाही.

त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. जिथे पैसे मिळतात तेच काम होते. कापण्याचे पॅकेज आहे, वाचवण्याचे नाही.

आणि गंमत अशी की वाचवण्याचे औषध नवे नाही. स्टॉकहोमच्या डॉ. नाना स्वार्ट्झ या बाईंनी सल्फासॅलाझिन हे औषध १९३० च्या दशकाच्या अखेरीस संधिवातासाठी घडवले आणि ते कोलायटिसवर चालते असे त्यांना आढळले. ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी १९५५ मध्ये कॉर्टिसोनचा तीव्र आजारावरचा उपयोग सिद्ध केला. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याने आपल्याकडे स्वस्त औषधे बनू लागली. महागड्या जैविक औषधांतही अॅडालिम्युमॅबची स्वस्त आवृत्ती जगात पहिल्यांदा २०१४ मध्ये भारतीय कंपनीनेच आणली. ज्ञान आहे, कारखाना आहे, औषध आहे. गोळी आणि रुग्ण यांच्यामधला पैशाचा पूल नाही.

वाचवलेला पैसा कुणाच्या खिशात जातो?

काही जण म्हणतील, जन्मभर औषध फुकट द्यायला सरकारकडे पैसा कुठे आहे? या प्रश्नाला भावनेने नव्हे, हिशेबाने उत्तर देऊ. पुढचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, प्रत्येकाने आपल्या घरचे घालून बघावे.

समजा गोळ्यांना रोज ५० रुपये लागतात. वर्षाचे झाले १८,२५०. हे पैसे वाचवायला गोळ्या सोडल्या आणि वर्षात दोनदा आजार उसळला. प्रत्येक वेळी २५ दिवस काम बंद, रोजची कमाई ६०० रुपये. बुडाले ३०,०००. यात तपासण्या नाहीत, रक्त चढवणे नाही, भरती नाही, बायकोचे बुडालेले काम नाही, मुलीची सुटलेली शिकवणी नाही. म्हणजे गोळी न घेणे हेच महाग पडले. गरीब माणसाला हे कळत नाही असे नाही. पण त्याच्याकडे १८,२५० एकरकमी नसतात, आणि रोजचे ५० रुपये रोजच्या तांदळाशी भांडतात.

मग असा प्रश्न येतो की हा फायद्याचा व्यवहार व्यवस्था आपणहून का करत नाही? कारण खर्च करणारा एक आणि वाचवणारा दुसरा. अमेरिकेतले उदाहरण घ्या. आतड्याचा दीर्घ आजार असलेल्या मुलांवर उपचार करणाऱ्या काही केंद्रांनी २००७ पासून इम्प्रूव्ह केअर नाऊ नावाचे जाळे उभारले. नवे औषध शोधले नाही. प्रत्येक भेटीत एकच तक्ता भरायचा, वजन आणि औषधाची मात्रा तपासायची, जो रुग्ण ठरल्या वेळी आला नाही त्याला शोधायचे, आणि कोणत्या केंद्रात काय चांगले चालले ते एकमेकांना सांगायचे. आजार शांत असलेल्या मुलांचे प्रमाण निम्म्याहून थोडे अधिक होते, ते काही वर्षांत तीन चतुर्थांशाच्या वर गेले.

पण यातला पेच पाहा. नोंदी ठेवणाऱ्या माणसाचा पगार दवाखान्याने द्यायचा. मुले कमी आजारी पडली की भरती कमी, म्हणजे दवाखान्याचेच उत्पन्न कमी. बचत होते ती विमा कंपनीची आणि कुटुंबाची. जो काळजी सुधारतो त्याचाच तोटा होतो! खाटेमागे पैसे देणाऱ्या कुठल्याही व्यवस्थेत हे होणारच. आपल्या पॅकेज योजनांनी हाच दोष उचलून आणला आहे.

उलट, जिथे पैसा करातून येतो तिथे हिशेब एकाच खिशाचा असतो. ब्रिटनमध्ये २००९ मध्ये या आजारांच्या सेवेचे मानदंड ठरले. अडीच लाख लोकसंख्येमागे किमान दीड पूर्णवेळ तज्ज्ञ परिचारिका असावी, असे त्यात म्हटले. ही परिचारिका फोन घेते, गोळ्यांची आठवण करते, आजार उसळण्याआधी डॉक्टरकडे पाठवते. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाख होती. त्या मापाने शहराला साधारण १४ परिचारिका लागतील. आपल्याकडे या आजाराचे प्रमाण तिकडच्यापेक्षा कमी आहे, म्हणून अर्ध्या धरा. सात परिचारिकांचा पगार देणे या राज्याला झेपणार नाही?

आता कुणी म्हणेल, परदेशातले इथे कशाला? तर इथलेच घ्या. तामिळनाडूने १९९४ मध्ये औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले आणि सरकारी दवाखान्यांत औषध नियमित मिळू लागले. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना सुरू केली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये खरेदी हाफकिनकडे दिली, तक्रारी वाढल्या, आणि २०२३ मध्ये नवे खरेदी प्राधिकरण केले. म्हणजे प्रश्न श्रीमंतीचा नाही, इच्छेचा आणि व्यवस्थेचा आहे.

घाण कुणाची, लाज कुणाला

या आजाराला आणखी एक बाजू आहे, ती आपण नाही बोललो तर कुणी बोलणार नाही. हा शौचाचा आजार आहे. आजार उसळला की दिवसातून दहा-पंधरा वेळा धावावे लागते. ज्या घरात दोन खोल्यांत सात माणसे आणि एक संडास आहे, ज्या बाईच्या कामाच्या ठिकाणी संडासच नाही, ज्या ऑटोवाल्याला रस्त्यावर कुणी आपला संडास वापरू देत नाही, त्यांचा आजार श्रीमंताच्या आजारापेक्षा वेगळाच असतो. जातिव्यवस्थेने मलाभोवती किळस रचली आणि ते उचलण्याचे काम माणसांच्या जन्माला चिकटवले. त्या समाजात शौचावरचा ताबा सुटलेला माणूस कुणाला सांगेल? म्हणून तो लपवतो, मूळव्याध म्हणतो, आणि दोन वर्षे वाया जातात.

तथागतांनी शुश्रूषा करणाऱ्याच्या गुणांत मलमूत्राची किळस न वाटणे मुद्दाम का सांगितले, हे इथे कळते. आणि १८९७ च्या प्लेगमध्ये डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई प्लेगने गेल्या, तेही आठवावे. ज्या फुले कुटुंबाने रुग्णाला हात लावला, त्यांच्या नावाच्या योजनेने रुग्णाच्या घरापर्यंत पोचायला नको का?

मग आपण काय करायचे?

सिकलसेलचा अनुभव आपल्यासमोर आहे. विदर्भातल्या आपल्या समाजात आणि आदिवासींमध्ये तो आजार मोठ्या प्रमाणावर आहे. अनेक वर्षे तो कुणाच्या गणतीत नव्हता. डॉक्टर, कार्यकर्ते आणि रुग्णांचे आईबाप बोलत राहिले, तपासण्या सुरू झाल्या, हायड्रॉक्सियुरिया मिळू लागले, आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम आली. अजून पुष्कळ बाकी आहे. पण मागितल्याशिवाय काहीच मिळाले नव्हते, हे नक्की. आतड्याच्या आजाराचे रुग्ण संख्येने कमी असतील, म्हणून मागणी एका आजाराची न करता सगळ्या दीर्घ आजारांची केली पाहिजे.

पहिली मागणी: १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राने सरकारी दवाखान्यांत उपचार मोफत केले. पण तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांपुरता होता. नागपूरचे मेडिकल आणि मेयो वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत, आणि आतड्याच्या आजाराचे तज्ज्ञ असतात ते अशाच ठिकाणी, मेडिकलच्या सुपर स्पेशालिटीत. मोफत निर्णय तिथेही लागू करा.

दुसरी: फुले योजनेत दीर्घ आजारांसाठी वर्षभराच्या बाह्यरुग्ण औषधांचे पॅकेज घाला. एका मोठ्या ऑपरेशनऐवजी अनेक वर्षांच्या गोळ्या, हा सरकारच्याही फायद्याचा सौदा आहे.

तिसरी: प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घ रुग्णांची नोंदवही आणि त्यासाठी नेमलेली परिचारिका. औषध न्यायला कोण आले नाही, हे तिला कळले पाहिजे.

चौथी: कामगार विम्याची व्याप्ती ऑटोचालक, घरकामगार, विडी कामगार, घरपोच डबे पोचवणारी मुले यांच्यापर्यंत न्या. बाबासाहेबांच्या खात्याने १९४४ मध्ये काढलेली रेघ पुढे ओढायची आहे, नवी काढायची नाही.

आणि हे फक्त सरकारने करायचे नाही. तुमच्या वस्तीत महिनोन्‌महिने रक्ती आव सांगणारा कुणी असेल तर त्याला तपासणीपर्यंत न्या. माहितीच्या अधिकारात विचारा की तुमच्या सरकारी दवाखान्यात ही औषधे गेल्या वर्षी किती दिवस उपलब्ध होती. जिल्हा नियोजन समितीत अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा कशावर खर्च होतो ते विचारा. विहारात वंदनेनंतर दहा मिनिटे आजारी माणसांच्या यादीसाठी ठेवा. संघाची जबाबदारी म्हणजे आज हेच.

त्या भिक्खूने सांगितले होते की तो कुणाच्या उपयोगाचा नाही. आपल्या ऑटोवाल्या भावानेही पिशवी लागल्यावर मला जवळपास तेच सांगितले. ऑटो पुन्हा सुरू करता येईल का, याचीच त्याला काळजी होती. त्याने आता ऑटो सुरू केला आहे, अर्धा दिवस चालवतो. त्याचे आतडे परत येणार नाही. पण त्याच्याच गल्लीत एका मुलीला हाच आजार निघाला आहे, वय १९. तिचे आतडे अजून शाबूत आहे. तिच्या पुढच्या महिन्याच्या गोळ्या कुठून येणार, हा प्रश्न आता तुमचा आणि माझा आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!